शाळा बंद, वही उघडी : घरून शिकण्याची जुनी गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील महिला मंचात झालेलं भाषण)

रेडिओ ऐकत भाकरी थापणाऱ्या, शेळ्यांमागे फिरणाऱ्या, गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून बसलेल्या सगळ्या ताई, माई, आजी आणि लेकींना आम्हा गट समन्वयकांचा नमस्कार.

आज आपण थोडा इतिहास बोलणार आहोत. हा इतिहास आपल्या घरातला, ओसरीवरचा आणि चुलीपुढचा आहे. गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न विचारला गेला. शाळा बंद पडली, मास्तर फोनवरून शिकवायला लागले, पोरगं नववी-दहावीला आहे, आणि आपण स्वतः चौथी शिकलेलो, कुणी तेही नाही. मग आईनं करायचं काय?

करोना गेला म्हणून हा प्रश्न गेलेला नाही. पुराच्या पाण्यानं रस्ता तुटला की शाळा आठ-आठ दिवस बंद राहते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की पोरांची शाळा पाच-सहा महिने सुटते. लांबच्या वाडीवरच्या मुलीला एसटी नसली की ती घरीच राहते. तेव्हा घरून शिकणं ही आपल्याकडे कधीही दाराशी येणारी गोष्ट आहे. ती पूर्वी कुणाकुणाच्या दाराशी आली आणि त्यांनी कसं निभावलं, ते माहीत असलेलं बरं.

ओसरीवरची पहिली अक्षरं

आपल्याकडे बायकांची पहिली शाळा घरातच भरली. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४० मध्ये लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवलं. पुढे त्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. म्हणजे आधी घरात एक बाई शिकली, मग तिच्यामुळे शेकडो मुलींना शाळा मिळाली. हा क्रम ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट रमाबाई रानड्यांची. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. नवरा म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांनी घरीच त्यांना शिकवायला सुरुवात केली. शिकवणारा नवरा मोठा विद्वान, घरात पुस्तकांना तोटा नाही. तरी शिकणं सोपं गेलं का? नाही. घरातल्या मोठ्या बायकांना सुनेचं वाचन पसंत नव्हतं. टोमणे असायचे, अबोला असायचा. हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक १९१० साली आलं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९०९ मध्ये, त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं होतं.

रमाबाईंच्या गोष्टीत आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. घरात पाटी होती, गुरू होता, पैसाही होता. अडचण होती ती वेळेची आणि घरातल्या माणसांच्या तोंडाची. दीडशे वर्षांनी आपल्या घरातल्या दहावीच्या मुलीची अडचणही तीच असते. हातात फोन असतो, पण धडा सुरू झाला की कुणीतरी हाक मारतं, “अगं, पाणी आलंय, हंडे भर.” मुलगा अभ्यासाला बसला की घर हळू बोलतं. मुलगी बसली की घराला कामं आठवतात. हे बोलणं कडू लागेल, पण बैठकीत आम्ही विचारलं की बहुतेक बायका माना डोलावतात.

साथ आली, रेडिओ लावला

आता जरा लांब जाऊ या. सप्टेंबर १९३७. अमेरिकेतलं शिकागो शहर. मुलांमध्ये पोलिओची साथ पसरली होती. तेव्हा पोलिओची लस नव्हती. शाळा उघडायच्या वेळेला शाळा उघडता आल्या नाहीत. मग तिथल्या शिक्षण खात्यानं शहरातल्या रेडिओ केंद्रांना विचारलं, आणि त्यांनी धड्यांसाठी वेळ दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे. कोणत्या इयत्तेचा कोणता धडा किती वाजता, काय वाचून ठेवायचं, कोणते प्रश्न सोडवायचे, हे रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून यायचं. पालकांना शंका विचारता यावी म्हणून शिक्षक टेलिफोनजवळ बसून असत.

हे काही आठवडे चाललं, मग शाळा उघडल्या. तिथंही तक्रारी आल्याच. काहींच्या घरी रेडिओ नव्हता, काहींना आवाज नीट ऐकू येत नव्हता. काही मुलांना शिक्षक फार भरभर बोलतात असं वाटायचं, आणि रेडिओला “थांबा हो गुरुजी” म्हणता येत नाही. ऐकून ओळखीचं वाटतंय ना? आपल्या पोरांच्या तक्रारी याच होत्या. यंत्र बदललं, तक्रार तीच राहिली.

ऑस्ट्रेलियात तर साथ नसतानाही हीच अडचण होती. तिथं गुरांची कुरणं इतकी मोठी की शेजाऱ्याचं घर कोसांवर. अशा मुलांना शाळा टपालानं यायची. धड्यांचं पाकीट यायचं, मुलं उत्तरं लिहून परत पाठवायची. १९५१ मध्ये अॅलिस स्प्रिंग्ज या गावातून रेडिओवरची शाळा सुरू झाली. त्या रेडिओची खुबी अशी की मुलंही उलट बोलू शकत. बाईंनी हजेरी घेतली की शेकडो किलोमीटरवरून “हजर” असा आवाज यायचा. तरी रेडिओवरचा वर्ग थोडाच वेळ चालायचा. उरलेल्या वेळात मुलाजवळ कोण बसायचं? बहुतेक घरांत आईच. घरी मुलाच्या अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला त्या शाळेनं आपल्या कामाचा भागच मानलं होतं. आईचं बसणं हे काम आहे, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे हे अजून मोजलं जात नाही.

पुण्याचा प्रयोग, १९५६

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती आपल्याच मातीतली आहे आणि आपण ती विसरून गेलो आहोत. म्हणून जरा निवांत सांगतो.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्या काळात गावात रेडिओ म्हणजे चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत एखादा. माणसं ऐकायची, उठून जायची. ऐकलेल्याचं पुढे काय होतं, हे कुणाला कळत नव्हतं. मग १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. कल्पना कॅनडातून घेतलेली होती. तिथले शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि मग त्यावर बोलत.

आपल्याकडे काय केलं? प्रत्येक गावात वीसेक जणांपर्यंतचं एक श्रोता मंडळ. त्याला एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावच्या कारभाराचे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जमायचं, मिळून ऐकायचं, रेडिओ बंद करायचा आणि मग बोलायला लागायचं. आपल्या गावात हे जमेल का? कोण करील? काय अडेल? मंडळाच्या शंका पुण्याच्या केंद्राला कळवायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमातून मिळायची.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची नीट तपासणी केली. पॉल न्यूरथ नावाचे अभ्यासक त्याचे प्रमुख होते. त्यांनी मंडळं असलेली वीस गावं घेतली आणि मंडळं नसलेली वीस गावं घेतली. या दुसऱ्या वीसांपैकी काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हतं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. निकाल असा आला की मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नगण्य होती, मग तिथं रेडिओ असो वा नसो.

मैत्रिणींनो, हे वाक्य पुन्हा ऐका. रेडिओ होता, पण एकत्र बसून बोलणं नव्हतं, तिथं फारसं काही बदललं नाही. आज रेडिओच्या जागी मोबाइल म्हणा, आणि २०२० साली आपल्या घरांत काय झालं ते लगेच समजेल. ज्या घरात फोन आला आणि पोराच्या हातात देऊन सगळे कामाला गेले, तिथं फोन राहिला, अभ्यास राहिला नाही. ज्या वाडीत चार मुलं एका ओसरीवर बसली आणि एकमेकांना विचारत राहिली, तिथं थोडा का होईना अभ्यास झाला.

हा प्रयोग इतका जमला की १९५९ मध्ये अशी मंडळं देशभर करायचं ठरलं. पुढे आफ्रिकेतल्या देशांनीही तो उचलला. आज आपला बचत गट महिन्यातून चारदा बसतो, ठराव करतो, वहीत लिहितो. त्या १९५६ च्या मंडळात आणि आपल्या गटात फरक फार थोडा आहे. म्हणून आम्हाला वाटतं, हे काम गटाला जमण्यासारखं आहे.

आकाशातून शाळा

नंतर टीव्ही आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष भारतानं अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोहोचवला. या प्रयोगाला ‘साइट’ म्हणतात. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे कर्नाटक, आंध्र आणि मध्य प्रदेश होते. पुढे १९७९ मध्ये दिल्लीत केंद्रीय मंडळानं मुक्त शाळा काढली, तीच आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. आपल्या गटांतल्या कितीतरी ताईंनी संसार सांभाळून याच विद्यापीठातून पदवी घेतली आहे. दिवसा शेतात, रात्री पुस्तकात, आणि रविवारी अभ्यास केंद्रावर. घरून शिकणं कसं असतं हे पोरांना सांगायला या ताईंपेक्षा चांगलं माणूस गावात मिळणार नाही. त्यांना विचारा.

आणि आपला १७ नंबरचा फॉर्म विसरू नका. नियमित शाळा सुटलेली मुलगी किंवा बाई राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खाजगीरीत्या बसू शकते, ती या फॉर्मवर. दूरवरून शिकण्याचा हा आपल्या गावातला सर्वांत जुना आणि ओळखीचा मार्ग आहे.

ती दोन वर्षं

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा सुरूच होती, शेवटचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो झालाच नाही. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं त्याचे गुण दिले गेले. जूनमध्ये शाळा उघडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ग्रामीण भागात नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबरअखेर काही ठिकाणी उघडले, २०२१ च्या वसंतात दुसऱ्या लाटेनं पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला गावांतले पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा थोडे दिवस बंद, आणि महिनाअखेरीला परत सुरू. म्हणजे २०२० मध्ये आठवीत गेलेलं मूल दहावीत पोहोचलं तोवर त्याच्या वाट्याला अर्धीमुर्धीच शाळा आली होती.

शासनानं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावानं रोज अभ्यास पाठवला. दीक्षा अॅप होतं. बालभारतीच्या पुस्तकांवर ते काळे चौकोनी क्यूआर कोड होते, ते फोननं टिपले की धड्याचा व्हिडिओ उघडायचा. पुस्तकांत असे कोड घालण्याची कल्पना माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी राबवली होती. त्याच गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लहान मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ मालिका लागायची. नागपूर आकाशवाणीनं ‘शाळेबाहेरची शाळा’ चालवली.

पण हे सगळं पोहोचायला घरात काहीतरी हवं ना? २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. ‘असर’ या दरवर्षीच्या पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हा आकडा ६१.८ टक्क्यांवर गेला आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर. दोन-तीन वर्षांत इतके फोन कसे आले? आपल्याला ठाऊक आहे. कुणी शेळी विकली, कुणी गटातून अंतर्गत कर्ज काढलं. आमच्या गटांच्या वह्यांत त्या वर्षी कर्जाच्या कारणापुढे ‘मुलाचा मोबाइल’ असं पहिल्यांदा लिहिलं गेलं.

आणि फोन आल्यावरही काय? २०२१ च्या त्याच पाहणीत दिसलं की फोन घरी असूनही सुमारे २६ टक्के मुलांना तो हाताळायलाच मिळत नव्हता. फोन बापाच्या खिशात, बाप दिवसभर कामावर. धडा सकाळी अकराला, फोन घरी रात्री आठला. दोन-तीन भावंडं असली तर पाळी आधी कुणाची? आमच्या भागात तरी पाळी बहुतेक मुलाची आधी लागली.

यातून लोकांनी वाटा काढल्या. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ फिरली. लाउडस्पीकरवरून धडे लागायचे आणि मुलं अंतर राखून बसायची. सोलापूरच्या निलमनगर भागात कामगारांच्या वस्तीत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. मूल रस्त्यानं गेलं तरी धडा डोळ्यांसमोर. कोकणात मुलं रेंजसाठी डोंगर चढली. अनेक गावांत शिक्षक स्वाध्यायाचे कागद घेऊन दारोदार गेले. पुन्हा तेच दिसतं. जिथं माणूस माणसापाशी गेला, तिथं धडा पोहोचला.

२०२१ ची दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. मग गुण कसे दिले? नववीचे ५० टक्के, दहावीच्या वर्षातल्या अंतर्गत लेखी कामाचे ३० टक्के आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० टक्के. निकाल लागला ९९.९५ टक्के. घरोघरी पेढे वाटले. पण ज्या मुलांनी वर्षभर वह्या पूर्ण केल्या आणि ज्यांनी केल्या नाहीत, त्यांच्यातला फरक त्या टक्क्यांत दिसला नाही. तो अकरावीत दिसला. पुढच्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, परीक्षा लेखी झाली. अभ्यासक्रम पाव भाग कमी होता, ज्याच्या त्याच्या शाळेतच केंद्र होतं, आणि जादा वेळही दिला होता. कारण दोन वर्षांत मुलांचा लिहायचा सराव सुटला होता, हात दुखायचे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या भागातल्या काही मुली मार्च २०२० मध्ये दप्तर घेऊन घरी आल्या, त्या परत शाळेत गेल्याच नाहीत. कुणी भावंडं सांभाळत राहिली, कुणी मजुरीला लागली, आणि काहींची थोड्या खर्चात उरकतंय म्हणून लग्नं लागली. अठराच्या आत. त्यांचं नाव कुठल्याच निकालाच्या टक्क्यांत नाही. शाळा रोज उघडी असते तेव्हा ती मुलीला निदान घराबाहेर पडायचं कारण देते. ती बंद झाली की मुलगी घरात दिसते आणि घराला तिचं लग्न आठवतं. म्हणून शाळा बंद असताना मुलीची वही उघडी ठेवणं म्हणजे तिचं वय सांभाळणं आहे.

आता आपण काय करायचं

या सगळ्या इतिहासातून आपल्या हाताशी लागण्यासारखं जे आहे, ते सांगतो.

पहिलं, वेळ ठरवा. शिकागोचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आपलं भिंतीवर लिहा. नववी-दहावीच्या मुलाला रोज सकाळी दीड-दोन तास आणि संध्याकाळी तेवढाच वेळ, दोन्ही वेळा ठरलेल्या. त्या वेळेत त्याला किंवा तिला हाक मारायची नाही. पाणी, शेण, भाकरी यांची वाटणी आधी करून टाका, आणि त्या वाटणीत मुलगाही धरा. फोन एकच असेल तर कोणाला किती वाजता ते लिहून लावा. दहावीच्या मुलीची पाळी दिवसाउजेडी ठेवा, सगळे झोपल्यावर उरलेली देऊ नका. फोन बापाबरोबर जात असेल तर रात्री व्हिडिओ उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी दुसऱ्या दिवशी बघता येतो.

दुसरं, शेजारी बसा. आपल्याला बीजगणित येत नाही, बरोबर आहे. पण संध्याकाळी दहा मिनिटं वही मागता येते. आजची तारीख घातली आहे का, किती पानं लिहिली, हे बघायला शिक्षण लागत नाही. आणि एक युक्ती आहे. “बाई, मला सांग, आज काय शिकलीस?” असं विचारा. मुलगी आपल्या साध्या भाषेत सांगायला लागली की तिचं तिलाच कळतं, कुठं समजलंय आणि कुठं अडलंय. ती अडखळली तर रागावू नका. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायला सांगा.

तिसरं, त्या रेघा गुरुजींपर्यंत न्या. पुण्याच्या मंडळांच्या शंका केंद्राला जायच्या आणि उत्तर परत यायचं, म्हणून ते चाललं. आठवड्यातून एक दिवस ठरवा. वाडीतल्या मुलांच्या शंका एका कागदावर लिहा आणि एकाच फोनवरून शिक्षकांना विचारा. दहा आयांनी दहा फोन करण्यापेक्षा हे त्यांनाही सोपं जातं. मुलानं लिहिलेलं कुणी तपासत नसेल तर पंधरा दिवसांत त्याचं लिहिणं थांबतं, हे आपण पाहिलं आहे.

चौथं, एकट्यानं बसवू नका. एकाच इयत्तेची चार-पाच मुलं एका ओसरीवर, समाजमंदिरात किंवा गटाच्या खोलीत बसू द्या. एका फोनवर सगळ्यांनी धडा ऐकायचा, फोन बाजूला ठेवायचा आणि मग अर्धा तास एकमेकांना विचारायचं. गावात बारावी झालेली सून असेल, मुक्त विद्यापीठातून शिकलेली ताई असेल, तिला आठवड्यातून दोन दिवस बोलवा. तिच्या चहाचा आणि थोड्या मानधनाचा खर्च ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवायला हरकत नाही. मुलींच्या येण्या-जाण्याची काळजी असेल तर आयांनी पाळीपाळीनं तिथं बसावं. निवडत-टिपत बसलं तरी चालतं.

पाचवं, हात चालता ठेवा. दहावीचे पेपर अजूनही दोन-दोन, तीन-तीन तास लिहायचे आहेत. फोनवर बघणं म्हणजे लिहिणं नव्हे. रोज निदान दोन पानं हातानं लिहायची आणि आठवड्यातून एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना वेगळं सांगायला हवं. शक्य असेल तिथं मुलाला गावात आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. न्यावंच लागलं तर निघण्याआधी शाळेत जाऊन पुढच्या महिन्यांचे धडे, शिक्षकांचा नंबर आणि परीक्षेच्या तारखा लिहून घ्या. दहावीचा फॉर्म भरण्याची तारीख तर आधीच विचारून ठेवा, कारण फड लांब असतो आणि तारीख थांबत नाही. मागे राहिलेल्या मुलाची वही कोण बघणार, हे गटानं ठरवावं.

आणि ज्यांची शाळा सुटून गेली, त्या मुलींची गावात एक यादी करा. यादी करायला एक बैठक पुरते. कुणाला पुन्हा शाळेत घालता येईल, कुणाला १७ नंबरचा फॉर्म भरता येईल, हे जवळच्या हायस्कूलमध्ये विचारा. लग्न झालेली, कडेवर मूल असलेली मुलगीही या यादीत घ्या. सासूबाईंनी दोन तास नातवाला घेतलं तर सून दहावी होऊ शकते. रमाबाईंच्या घरातल्या मोठ्या बायकांनी साथ दिली असती तर त्यांचं शिकणं किती सोपं झालं असतं, याचा विचार आपल्यातल्या सासवांनी करावा, एवढीच विनंती.

आपला हा रेडिओही याच वाटेवरचा आहे. सामाजिक संस्थांना स्वतःचं केंद्र चालवायची परवानगी २००६ मध्ये मिळाली. २००८ मध्ये तेलंगणातल्या पस्तापूर परिसरात दलित बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला, आणि आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग. तेव्हा रेडिओ आता फक्त ऐकायचा राहिलेला नाही. आपल्या मुलांच्या शंका, आपल्या आयांच्या युक्त्या इथं सांगता येतात.

या महिन्याच्या बैठकीत बचत आणि हप्ता लिहून झाला की वही मिटू नका. पुढच्या पानावर आपल्या गटातल्या घरांत नववी-दहावीला कोण कोण आहे ती नावं लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ‘संध्याकाळी वही कोण बघणार’ हेही लिहा. नाव आईचं असेल, आजीचं असेल, शेजारणीचं असेल, चालेल. रकाना रिकामा ठेवू नका. पुढच्या भाषणात आम्ही विचारू, किती गटांनी पान भरलं.